सातेरी टेकडीवरील जोखमीचे संगोपन

घाटकोपर पश्चिमेस, सातेरी टेकडीच्या उतारावर, श्री. गुणाजी परब यांच्या राहत्या घराच्या बरोब्बर वर एक धोंडा आहे. खरं म्हणजे 'होता' असं लिहायला हवं. पण मजकूर नुकताच सुरू झालाय, तोवर त्याला वरच राहू द्या. हा धोंडा म्हणजे चालताना ठेच लागते त्या जातीचा नव्हे. कचऱ्याचा ट्रक शेजारी उभा केला तर ट्रकलाच कमीपणा यावा, एवढा. दर पावसाळ्यात तो थोडा पुढे सरकायचा. किती, ते सरकारी पातळीवर कुणी मोजलेलं नाही. गुणाजींच्या पत्नी वनमालाबाई यांनी मोजलं, ते असं: लग्न होऊन आल्या तेव्हा धोंडा आणि छपराचा पत्रा यांच्यामधल्या जागेत त्या गोधड्या वाळत घालायच्या. मग तिथे साड्याच मावू लागल्या. मग टॉवेल. गेल्या वर्षी गुणाजींचा हातरुमाल वाळत घातला, तर तो अर्धा धोंड्यावर गेला.

ही वस्ती कोकणातून गिरणीकामाला आलेल्या लोकांची. गिरण्या गेल्या, लोक राहिले. येताना त्यांनी गावाकडून गडगा घालण्याची कला आणली होती. गडगा म्हणजे सिमेंट-माती न लावता, दगडावर दगड बसवत केलेला बांध. तसा एक त्यांनी धोंड्याच्या पायाशी घातला आणि दर मे महिन्यात सगळी वस्ती मिळून तो नीट करायची. गडग्याबरोबर गाऱ्हाणंही आलं. कुठलंही काम काढलं की जाणत्या माणसाने नारळ पुढे ठेवून देवाला सगळी हकिकत सांगायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. त्यासाठी वाक्य ऐकावं लागतं असं मुळीच नाही. सांगणाऱ्याचा आवाज खाली आला की म्हणायचं. सांगण्याचा मान गुणाजींकडे होता.

अलीकडे मुलं विरार-बदलापूरकडे पांगली, दगड उचलणारे हात म्हातारे झाले आणि गडगा पोटातून खचू लागला. तेव्हापासून वनमालाबाईंचं मागणं एकच: पावसाच्या आत धोंड्याला पक्की भिंत.

मागणं साधं असलं की त्याला खाती फार लागतात. टेकडी एका खात्याची निघाली, टेकडीचा उतार दुसऱ्याचा. धोंडा हा गौण खनिजात मोडत असल्यामुळे तिसऱ्याचा. आणि तो खाली आला तर ती आपत्ती, म्हणून चौथ्याची. चौथं खातं सगळ्यांत सौजन्यशील. "एकदा खाली येऊ द्या," ते म्हणालं, "आम्ही लगेच हजर."

अशा वेळी 'समुदाय-प्रणीत स्थानिक आपत्ती जोखीम न्यूनीकरण अनुदान योजना' जाहीर झाली आणि तिच्यातर्फे गार्गी फणसळकर टेकडी चढून वर आली. गार्गी पार्ल्याची, हुद्द्याने समुदाय समन्वयक. मुलगी गुणी होती. चढताना दम लागला तरी तिचं हसणं थांबलं नाही. प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं.

"माका भिंत व्हयी," वनमालाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे करत सांगून टाकलं.

"काकू, भिंत हा शब्द आपण सध्या अवॉइड करू या."

"कित्याक गो चेडवा?"

"कारण भिंत म्हणजे सोल्युशन झालं ना. ते आपणच आधी आणलं, तर समुदायाने शोधायचं काय?"

"सोदून झाला आमचा. भिंत."

"ते तुम्ही शोधलंत, काकू. समुदायाने नाही."

"मगे आमी कोण?"

"तुम्ही सध्या रहिवासी आहात," गार्गी म्हणाली. तिने ते इतक्या मायेने सांगितलं की वनमालाबाईंना क्षणभर आपण आजारी आहोत असं वाटलं.

रहिवाशांचा समुदाय करण्याचं काम लगोलग सुरू झालं. एका गल्लीत राहणं, एकमेकांच्या बारशाला आणि बाराव्याला जाणं, एकाच धोंड्याला घाबरणं, हे समुदाय म्हणून पुरेसं नाही, हे लोकांना पहिल्यांदाच कळलं. बोधचिन्ह लागतं. त्यात दोन तळहातांवर अलगद धरलेला धोंडा होता. "हात कोणाचे?" असं वनमालाबाईंनी विचारलं, त्याची नोंद 'उत्साही सहभाग' अशी झाली. मग स्वप्न लागतं. वस्तीचं स्वप्न काय, असं गार्गीने विचारल्यावर सगळे एकसाथ म्हणाले, "धोंडो खाली येव नये." ते तिने शुद्ध करून घेतलं. झालं: 'लवचिक आणि सर्वसमावेशक उताराच्या दिशेने.'

एप्रिलमध्ये मूल्यांकनासाठी अनुदान कक्षाचे अधिकारी श्री. मधुकर हिर्लेकर आले. त्यांनी धोंड्याला प्रदक्षिणा घातली, त्याच्यावर हात ठेवून पाहिला आणि पायाशी येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"गडगो, साहेब," गुणाजी अभिमानाने म्हणाले.

"कोणी बांधला?"

"आमीच. सगळ्यांनी मिळान. दगड हयचेच, हात आमचे."

हिर्लेकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. घरातलं कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "स्वतःच स्वतःची वाट लावून घेतलीत हो तुम्ही. ही योजना अतितीव्र जोखमीसाठी आहे. या गडग्यामुळे तुमची जोखीम मध्यमवर आली. मध्यमला अनुदान नाही."

"पण सर," गार्गी मध्ये पडली, "ही तर कम्युनिटीने स्वतः केलेली ॲक्शन आहे ना? आपल्याला तेच हवंय ना?"

"समुदाय स्थापन कधी झाला?"

"गेल्या महिन्यात."

"आणि गडगा?"

"हिच्या लग्नाआदी," गुणाजींनी बायकोकडे बोट दाखवलं.

"म्हणजे समुदाय नसताना समुदायाने केलेलं काम. असं काम होऊच शकत नाही. ते अज्ञात इसमांनी केलं असं धरावं लागेल." हिर्लेकर खाली वाकले, त्यांनी गडग्याचा एक दगड हलवून पाहिला, तो हलला नाही, तसे ते आणखी नाराज झाले. "न्यूनीकरण करायचं म्हटलं तर आधी हातात काही शिल्लक नको? तुम्ही परस्पर करून बसलात. बिगरनिविदा!"

"मगे आता?"

"मार्ग आहे. जोखीम मूळ स्वरूपात आणा. गडगा काढा. धोका नीट, स्वच्छ दिसला की मंजुरी. मंजुरी आली की भिंतीचं बघता येईल."

सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडून 'भिंत' हा शब्द वस्तीने पहिल्यांदा ऐकला होता. माणसं हरखली. पुढच्या 'बघता येईल'कडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

तरीही समुदायाची संमती घेतल्याशिवाय साधं पान हलवायचं नाही, हे योजनेचं ब्रीद. म्हणून सातेरी देवीच्या देवळापुढे मांडव घालून सल्लामसलत सभा झाली. वनमालाबाई मागच्या बाजूला चहाच्या टोपाशी होत्या. एवढ्या माणसांचा चहा गाळायचा म्हणजे कान जागेवर राहत नाहीत. गुणाजींनी रिवाजाप्रमाणे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवी सातेरी, टेकडीच्या राखणदारणी, म्हाराजा! आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंच्यावर जी काय इडापिडा येवची आसात, ती तू वरच्यावर थोपव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. लगेच हिर्लेकर उभे राहिले आणि त्यांनी योजनेच्या अटी वाचायला घेतल्या. त्यांचा आवाजही, नोकरीत मुरलेल्या सगळ्याच माणसांसारखा, वाक्याच्या शेवटी खाली यायचा.

"सबब, सदर गडगा समुदाय स्वखुशीने व श्रमदानाने काढून टाकील."

"व्हय म्हाराजा!"

हिर्लेकर दचकले. आजवरच्या सेवेत पहिल्याच अटीला शिव्या न खाल्लेली ही त्यांची पहिली सभा. त्यांनी घसा साफ केला.

"अंतिम पाहणी होईपर्यंत जोखमीत कोणत्याही प्रकारे घट होऊ दिली जाणार नाही."

"व्हय म्हाराजा!"

"भिंत अथवा तत्सम बांधकामाबाबत समुदायाचा कोणताही आग्रह राहणार नाही."

"व्हय म्हाराजा!"

आता त्यांचे डोळे भरून आले. लोकशाहीवरचा उडालेला विश्वास जागच्या जागी परत बसला. योजनेत नसलेल्या दोन-तीन अटीही त्यांनी त्या भरात वाचल्या. त्यांची बदली घराजवळच्या कार्यालयात व्हावी, यालाही सातेरी टेकडीची एकमुखी संमती आहे.

चहाचा ट्रे घेऊन वनमालाबाई पुढे आल्या तेव्हा शेवटचं 'व्हय' हवेत होतं.

"मेल्यांनो, कसल्याक व्हय म्हटलास?"

"अगो, गाऱ्हाण्यात 'नाय' कोण म्हणता?" गुणाजी म्हणाले.

"गाऱ्हाणा तुमचा केवाच संपला! तो सायबाचो कागद होतो!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, "पण वयनी, नारळ फोडून झालो मां." फुटलेला नारळ जोडायची सोय अजून कुठल्याच कार्यालयात नाही.

गडगा काढताना म्हाताऱ्यांना रडू आलं. त्याचे फोटो छान आले. निघालेल्या दगडांचा 'मी आणि माझी टेकडी' नावाचा सेल्फी पॉइंट करण्यात आला. धोंडा पहिल्यांदाच नखशिखांत दिसला, आणि हिर्लेकर गहिवरून म्हणाले, "व्वा! याला म्हणतात अतितीव्र."

आता प्रश्न होता हा दर्जा टिकवण्याचा. जोखीम ही नाजूक गोष्ट. लोक येता-जाता तिची नासधूस करतात. म्हणून हाताला पट्टी बांधलेले जोखीम संवर्धन स्वयंसेवक नेमले. पाणी भरून येताना धोंड्याखाली दगडाची कपची सारताना त्यांनी वनमालाबाईंना पुन्हा पुन्हा पकडलं. याला 'अनधिकृत न्यूनीकरण' म्हणतात.

"काकू, प्लीज," गार्गी कळवळून म्हणाली. "असं नका ना करू. तुम्ही एक दगड ठेवलात की आपला स्कोअर पडतो."

"आणि एक दगड काडलो की धोंडो पडता. तो माज्या माथ्यार आसा गो, तुज्या नाय."

त्या कपच्या गार्गीने स्वतःच्या हाताने काढल्या, एकेक करून, आणि तिथेच बाजूला नीट रचून ठेवल्या.

अनुदान मंजूर झालं आणि खर्चाला सुरुवात झाली. अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात 'धोंड्याशी संवाद' ही निवासी कार्यशाळा झाली. वातानुकूलन इतकं कडक होतं की वस्तीतल्या बायका टेबलावरचे नॅपकिन खांद्यावर घेऊन बसल्या. मार्गदर्शकांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "कल्पना करा, तुम्हीच तो धोंडा आहात. खोल श्वास घ्या. आता आतून काय वाटतंय?"

"खाली जावसा वाटता," गुणाजी म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे वाक्य पुढे अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं.

जेवणाच्या रांगेत वनमालाबाईंनी हिर्लेकरांना गाठलं. "साहेब, जून इलो. भिंत?"

"मावशी, भिंत अनुज्ञेय नाही हो. ती रचनात्मक बाब झाली. ही योजना मनोरचनेची आहे." मग त्यांना दया आली. ताटातला गुलाबजाम बाजूला सारून त्यांनी विचार केला. "चित्र मात्र अनुज्ञेय आहे."

त्याप्रमाणे परबांच्या घराच्या मागच्या बाजूवर, धोंड्याच्या अगदी तोंडासमोर, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी भिंत रंगवली. काय सांगू, काळ्या दगडाची, पाणी जायला मधून मधून छिद्रं ठेवलेली, अशी झकास भिंत आख्ख्या उपनगरात दुसरी नाही. वस्तीतल्या एका बकरीने तिच्यावर चढायचा प्रयत्न केला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. खोटं वाटत असेल तर बकरीला विचारा. उरलेल्या रकमेतून लोखंडी फलक आला: 'सावधान! दरडप्रवण क्षेत्र.' तो ठळक दिसावा म्हणून धोंड्याच्या पायाशीच, गडगा होता त्याच जागी, भला मोठा खड्डा खणून उभा केला. खड्डा जरा जास्तच खोल गेला. फलक मात्र फार ठळक दिसायचा.

जुलैत, चांगला आठवडाभर पाऊस कोसळून गेल्यावर, प्रकल्पाचा कळसाध्याय आला: दरड कोसळल्यास काय करावे याची रंगीत तालीम. टेकडीखालच्या शुभंकर हौसिंग सोसायटीच्या सभासदांना निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. सोसायटीच्या गॅलऱ्यांतून उतार उत्तम दिसतो. सेक्रेटरी अनंतराव देसाई यांनी गॅलरीत खुर्च्या मांडून घेतल्या, कांदाभजी मागवली.

वस्तीत भूमिका वाटण्यात आल्या. कोणी जखमी, कोणी बेशुद्ध. वनमालाबाईंच्या वाट्याला 'मृत' आलं.

"माका कित्याक मारलास?"

"काकू, तुमचे गुडघे दुखतात ना," गार्गी म्हणाली. "मृतांना काहीच करायचं नसतं. खालच्या शाळेच्या मैदानात चटईवर पडून राहायचं बस."

गुणाजींची भूमिका 'अडकलेला'. त्यांनी स्वतःच्या घरात, आतून कडी लावून, स्वयंसेवक येईपर्यंत बसून राहायचं होतं. नाटकात काम करायची गुणाजींना जन्माची हौस. त्यांनी ठेवणीतला सदरा घातला.

भोंगा वाजला. मैदानात चटईवर वनमालाबाई डोळे मिटून पडल्या. अंगावर भुरभुर पाऊस पडत होता. वरून कापड टराटरा फाडावं तसा आवाज आला. सगळ्यात आधी 'सावधान!' हा फलक खाली आला, मग माती आली आणि मग, गाऱ्हाण्याला उशिरा पोचलेल्या मानकऱ्यासारखा, डुलत डुलत, धोंडा.

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. "झकास! काय रिअलिस्टिक केलंय यार!" अनंतराव ओरडले. मोबाइल वर झाले.

वनमालाबाई उठून बसल्या. त्यांच्या घराच्या जागी धुळीचा लोट होता.

"माजो घोव आत आसा!" त्या किंचाळल्या आणि चढणीकडे धावल्या.

"मृतांनी जागा सोडू नये!" हिर्लेकरांचा आवाज कर्ण्यातून घुमला. "मावशी, झोपा! निरीक्षक बघतायत!"

"मेल्या, घर गेला माजा! ते आत आसत!"

"मृतांनी बोलायचंही नाही!"

निरीक्षकांपैकी पुष्कळांनी वनमालाबाईंचा अभिनय भडक झाल्याचं मत नंतर नोंदवलं. गार्गी मात्र हातातलं सगळं टाकून त्यांच्यामागे धावली. पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

वर पोचल्या तर घर नव्हतं. एक पत्रा होता, एक पितळी टोप होता, आणि रंगवलेल्या भिंतीचा एक तुकडा चिखलात सरळ उभा होता. रंग कुठे उडालेला नव्हता. वनमालाबाईंनी हातांनी चिखल उपसायला सुरुवात केली. नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं, ते त्या पहिल्यांदा मोठ्याने घेत होत्या, "गुणाजी! गुणाजी!", आणि नखं मोडली तरी उपसत होत्या. गार्गी शेजारी गुडघ्यांवर बसून उपसत होती.

"काय झाला गो?"

गल्लीच्या वळणावर गुणाजी उभे होते. ठेवणीतला सदरा, हातात टमरेल.

वनमालाबाईंनी चिखलातून मान वर केली. "खंय होतात?"

"संडासाक गेल्लंय. सार्वजनिकाक रांग होती."

त्या तशाच चिखलात बसल्या आणि त्यांनी ओल्या मातीचा एक गोळा उचलून नवऱ्याला फेकून मारला. तो सदऱ्यावर बसला. गुणाजींनी तो पुसला नाही.

तेवढ्यात हिर्लेकर धापा टाकत पोचले. "अडकलेला इसम कोण? तुम्हीच ना? मग बाहेर कसे?"

"पोटाचा जरा..."

"अहो, पोट काय पोट! स्वयंसेवकांनी आता वाचवायचं कोणाला? एवढी सुंदर चाललेली तालीम, एका माणसाच्या बेशिस्तीमुळे गुण कापले जाणार!"

गुणाजी ओशाळले. "परत आत जावन बसू काय?"

हिर्लेकर 'हो' म्हणणारच होते. मग त्यांनीही, बाकीच्यांसारखंच, आत म्हणजे कुठे ते पाहिलं.

धोंडा घरंगळत जाऊन शुभंकर सोसायटीच्या आवारात, अनंतराव देसायांच्या नव्या गाडीला टेकून थांबला होता. टाळ्या थांबल्या. अनंतरावांनी एक फोन केला. आठवड्याच्या आत तिथे काँक्रीटची दणदणीत भिंत उभी राहिली. सोसायटीची जागा सपाट असल्यामुळे उताराच्या खात्याचा प्रश्न नव्हता. ती भिंत टेकडीच्या बाजूने घातलेली आहे. म्हणजे आता टेकडीवरून काही आलं, तर ते वस्तीतच राहील.

प्रकल्पाचा अहवाल कमालीचा चांगला झाला. जोखीम म्हणजे धोंडा वर असणं. धोंडा आता वर नाही. सबब जोखीम संपूर्णपणे न्यूनीकृत. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याच प्रकल्पाला हे जमलेलं नव्हतं; बाकी ठिकाणचे धोंडे अजून आपापल्या जागी होते. हिर्लेकरांना मानचिन्ह मिळालं, आणि घराजवळच्या कार्यालयात बदलीही.

नव्या खुर्चीत बसून त्यांनी चहा मागवला, त्याच दिवशी वनमालाबाई गार्गीला घेऊन समोर उभ्या राहिल्या. नवरा-बायकोचा मुक्काम तेव्हापासून शाळेच्या एका वर्गात होता. सकाळी पोरं यायच्या आत अंथरूण गुंडाळावं लागायचं.

"माका घर बांदून देवा."

"मावशी, घर हे नुकसान झालं. नुकसान आपत्तीत व्हावं लागतं. तुमचं तालमीत झालं. तालमीतलं नुकसान काल्पनिक धरतात."

"सर, पण निधी शिल्लक आहे," गार्गी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मला माहितीये, शिल्लक आहे."

"आहे की. पण तो लाभार्थ्यांसाठी राखीव आहे."

"मगे मी कोण?" वनमालाबाई म्हणाल्या.

"तुम्ही समुदाय." हिर्लेकरांनी बशीत चहा ओतला आणि पुढे सरकवला, माणूस वाईट नव्हता. "लाभार्थी वेगळा, मावशी. ज्याला धोक्याची जाणीव नव्हती आणि प्रकल्पामुळे झाली, तो लाभार्थी. तुम्हाला धोंडा पहिल्यापासून माहीत. तुमच्यात आम्ही जाणीव निर्माण केली, असं कसं दाखवणार? तुमच्यावर खर्च केला तर लेखापरीक्षणात माझी मान जाईल."

वनमालाबाईंनी चहा घेतला नाही. "मगे खंय आसत ते तुमचे लाभार्थी?"

"शोध चालू आहे. ज्यांना हे प्रकरण अजिबात ठाऊक नाही, अशा सुजाण लोकांपर्यंत ते पोचवायचं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घेतलं, मध्ये एक-दोनदा हसू आलं, शेवटी जरा हळहळ वाटली, की झालं काम. माणशी खर्च टाकता येतो."

गार्गीने त्याच दिवशी नोकरी सोडली. वनमालाबाई अजून त्या वर्गात आहेत, आणि पाऊस अजून बराच बाकी आहे.

आता आपलं दोघांचं बोलणं. हे वाचायला घेण्याआधी तुम्हाला सातेरी टेकडीवरचा धोंडा माहीत होता? नव्हता. आता आहे. बकरीच्या वेळी हसलात, चिखल उपसताना गप्प झालात. सगळं नियमात बसतं. सही लागत नाही, कुठे जावं लागत नाही. बसल्या जागी तुमची नोंद झाली, आणि वनमालाबाईंच्या घराचा एक पत्रा, एखादी वीट, तुमच्या नावे खर्ची पडली.

वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे घ्या, त्याचेच पैसे आहेत. एवढंच की हा लाभ परत करायची तरतूद योजनेत नाही. आजवर कोणी मागितलेलीच नाही.